निश्चित संकलनातला नामधारी चल

पुण्याहून सुटलेली लोकल घेऊ. सुटल्यापासून पोहोचेपर्यंतच्या क्षणाक्षणाच्या वेगाचे निश्चित संकलन केले, की अंतर मिळते : लोणावळ्यापर्यंत सुमारे ६४ किलोमीटर. मधल्या क्षणाला आपण 'ट' म्हटले काय नि 'प' म्हटले काय, लोणावळा काही जागचे हलत नाही! हे अक्षर नामधारी. 'जो उशिरा येईल, तो उभा राहील' यातला 'जो' कुणी ठरावीक माणूस नसतो, तसेच हे. तर्कशास्त्रात याला आपण बद्ध चल म्हणतो.

आता विचारू : क्ष सेकंदांत गाडी किती जाईल? हा क्ष सीमेवरचा, मुक्त. तो बदलला की उत्तर बदलते. सोयीसाठी समजू, ट सेकंदांनी वेग सेकंदाला ट मीटर आहे. ० ते क्ष संकलन केले, तर उत्तर क्ष वर्ग भागिले २. क्ष = ३ ठेवा : साडेचार मीटर. पण ट ऐवजी आतही क्षच लिहिला, तर विद्यार्थी तिथेही ३ ठेवतो. वेग सुरुवातीपासून ३ च धरला जातो आणि उत्तर येते ९. बरोबर दुप्पट!

फ्रेगे यांनी १८७९ च्या ग्रंथात 'प्रत्येक'च्या पोटातल्या चलांसाठी गॉथिक वळणाची अक्षरे वेगळी राखली, ती उगीच नव्हे. आपणही एवढे पाळू : सीमेवरचे अक्षर आत घ्यायचे नाही.