ध्वनिमुद्रण, स्वामित्व आणि लोकगायक

गाण्याच्या मोबदल्याची चर्चा निघाली की ती बहुधा एका श्रवणामागे गायकास किती पैसे मिळतात, या आकड्यापाशी येऊन थांबते. परंतु गायकाच्या वाट्याला काय यावयाचे, हे त्या आकड्याच्या पुष्कळ आधी, ध्वनिमुद्रणाच्या वेळी झालेल्या करारानेच बहुतांशी ठरलेले असते. लोकगीतांच्या बाबतीत तर असा करार अनेकदा लेखीही नसतो. म्हणून धर्माबादसारख्या, मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा कानी पडणाऱ्या सीमेवरील तालुक्यात ओव्या, भारुडे वा गोंधळगीते संकलित करणाऱ्या अभ्यासकाने हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

एका ध्वनिमुद्रित गीतात चार निरनिराळे हक्क एकत्र येतात : शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि सादरीकरणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने यांपैकी पहिले तीन मान्य केले. गायकास मात्र स्वतंत्र हक्क दिला नाही. चालीचा हक्कही लिपिबद्ध संगीतापुरताच होता. ज्या परंपरेत चाल कंठातून कंठात जाते, तिच्यातील गायकास अशा कायद्याचा उपयोग तो काय होणार? १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लता मंगेशकर यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला व त्यावरून महंमद रफी यांच्याशी त्यांचे मतभेद झाले, हे प्रसिद्धच आहे. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या एका खटल्यात निर्मात्याच्या बाजूने निर्णय दिला. त्या वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या आवाजास कायद्यात स्थान नसल्याबद्दल खेद व्यक्त केला होता.

१९९४ च्या दुरुस्तीने ही स्थिती पालटली. संगीत लिपिबद्ध असण्याची अट गेली आणि सादरकर्त्याचा हक्क प्रथमच मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात मोलाची भर घातली. सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास रॉयल्टी मागण्याचा, तसेच सादरकर्ता म्हणून आपले नाव दिले जावे असा हक्क गायकास मिळाला. हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे, आणि करारात मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षांची मानावी, हे नियमही त्यास लागू आहेत.

कायद्यातील हक्क व हाती येणारे पैसे यांत मात्र मोठे अंतर आहे. स्ट्रीमिंग सेवा सामान्यतः वर्गणी व जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करतात, आपला हिस्सा वेगळा काढतात आणि उरलेली रक्कम एकूण श्रवणांच्या प्रमाणात हक्कधारकांना वाटतात. त्यामुळे केवळ भारुडे ऐकणाऱ्या वर्गणीदाराचे पैसेही बव्हंशी सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांकडे जातात. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे न झालेल्या गाण्यास ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. जे मिळते ते प्रथम ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जाते आणि नंतर करारानुसार गायकाकडे. गायकाने एकरकमी बिदागी घेऊन सही केली असेल, तर त्याच्यापुरता हिशोब बहुधा तेथेच मिटतो. दर ठरविण्याच्या बोलणीतही त्यास स्थान नसते. टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली, आणि अपिलात २०२२ साली, प्रसारणासाठीचा वैधानिक परवाना इंटरनेटवरील सेवांना लागू नाही असे ठरविले. परिणामी हे दर कंपनी व सेवा यांच्यातील वाटाघाटीनेच ठरतात.

या विवेचनाचा अभ्यासकाशी थेट संबंध आहे. ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार घेऊन त्याची जबाबदारी उचलणारा तो कायद्याच्या दृष्टीने निर्माता, आणि ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक सामान्यतः तोच. म्हणजे धर्माबाद तालुक्यातील एखाद्या वृद्धेच्या ओव्या विद्यार्थ्याने स्वतःहून ध्वनिमुद्रित केल्या, तर त्या ध्वनिमुद्रणाचा मालक तो ठरू शकतो. आजीबाईंकडे उरतो तो सादरकर्त्याचा हक्क. ओव्यांचे पारंपरिक शब्द कोणाच्याच मालकीचे नसले, तरी त्या गाणारा कंठ अनामिक नसतो. कायदा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणास सूट देतो. तेच ध्वनिमुद्रण एखाद्या स्ट्रीमिंग सेवेवर चढविले, की हेतू बदलतो व त्या सुटीचा आधार सुटतो. एरवी ज्या कंपन्यांवर टीका होते त्यांच्याच जागी मग संशोधक नकळत जाऊन बसतो.

याहून निराळी वाट महाराष्ट्रातच दिसते. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. पारी या संस्थेने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करताना गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावेही दिली आहेत. नाव व गाव यांची नोंद हीच पुढील प्रत्येक मागणीचा पुरावा होय. याकरिता क्षेत्रीय संकलनाच्या संमतिपत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : गायकाचे नाव, ध्वनिमुद्रणाचा हेतू, व्यापारी उपयोगासाठी पुन्हा स्वतंत्र संमती, आणि उत्पन्न झाल्यास त्यातील वाटा. हे संमतिपत्र गायकास त्याच्या भाषेत, आवश्यक तेथे तेलुगूतही, वाचून दाखवावे आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी राहू द्यावी.