धावण्याची गोडी आणि विश्रांतीचे गणित

पूर्वी पहाटे रस्त्यावर धावताना दिसायची ती पोलीस नाहीतर सैन्यभरतीची तयारी करणारी मुले. आता त्यांच्या जोडीला चाळिशी-पन्नाशीचे वकील, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळेतल्या बाईसुद्धा दिसतात. मुंबईची मॅरेथॉन आजच्या स्वरूपात २००४ साली सुरू झाली. २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून उतरण्याची हाफ मॅरेथॉन होऊ लागली आणि एकवीस किलोमीटर हा आकडा आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. ही गोष्ट चांगलीच आहे. मधुमेह, रक्तदाब आणि वाढते वजन या तिन्हींवर एवढा स्वस्त उपाय माझ्या औषधांच्या कपाटात नाही.

परंतु या धावणाऱ्यांपैकी काही जण आता रुग्ण म्हणून माझ्याकडे येऊ लागले आहेत. त्यांची तक्रार मोठी गमतीची असते. "डॉक्टर, रोज धावतोय, तरी वेळ सुधारत नाही, उलट वाढतेय. झोप लागत नाही. घरात चिडचिड होते. पहाटे गजर झाला की नकोसं वाटतं." तापात जशी अन्नावरची वासना उडते, तशी यांची धावण्यावरची वासना उडालेली असते. पुष्कळांना वाटते, हा आळस आहे, म्हणून ते आणखी जोर लावतात. माझ्या मते हे लक्षण आहे, आणि बहुधा सर्वांत आधी दिसणारे लक्षण आहे. शरीर विश्रांती मागत असते.

आपली ताकद धावताना वाढत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. धावताना स्नायूंमधील साखरेचा साठा संपत जातो आणि स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. घाट उतरताना तर चढण्यापेक्षा जास्त होतात. म्हणूनच मांड्या त्या दिवशी न दुखता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात. साठा पुन्हा भरायला चोवीस तास, कधी त्याहून अधिक लागतात. तंतूंची डागडुजी होते ती विश्रांतीत, विशेषतः गाढ झोपेत, आणि या डागडुजीतून स्नायू पहिल्यापेक्षा थोडा बळकट होतो. शेतकरी वाचकांना हे सांगायला नको. पाणी दिले त्याच दिवशी कोणी शेतात औत घालत नाही. वाफसा यावा लागतो. तालमीतले जुने वस्ताद मेहनतीइतकाच पैलवानाच्या खुराकाचा आणि दुपारच्या झोपेचा हिशेब ठेवत, तो उगाच नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. शरीराचे सगळे भाग एका गतीने तयार होत नाहीत. दम काही आठवड्यांत सुधारतो. हाडे आणि स्नायूबंध यांना महिने लागतात. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर आधी तिथला थकलेला भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. काढण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत होते, भरण्याला मात्र तीनेक महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात ते हाड पहिल्यापेक्षा किंचित नाजूक असते. नेमक्या याच काळात माणसाला वाटते की आता दम लागत नाही, वाढवू या अंतर.

गेल्या वर्षी एका हायस्कूलचे गणिताचे सर आले. वय बेचाळीस. महिन्याभरात त्यांनी आठवड्याचे अंतर वीस किलोमीटरवरून पंचेचाळीसवर नेले होते. उजवी नडगी दुखत होती. "कुठे दुखतं?" विचारल्यावर त्यांनी एकच बोट एकाच जागी ठेवले. नडगीच्या कडेने वीतभर दुखत असेल तर मला तेवढी काळजी वाटत नाही. बोटाएवढ्या जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक भेग पडल्याची शंका घ्यावी. एक्स-रे स्वच्छ आला. पहिले दोन-तीन आठवडे तो पुष्कळदा स्वच्छच येतो, एमआरआयमध्ये मात्र भेग आधी दिसते.

सर म्हणाले, "एक इंजेक्शन द्या डॉक्टर. स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. पैसे भरलेत, वर्गातल्या पोरांना सांगून बसलोय." मी म्हटले, "सर, दुखणं मी झाकून देईन. भेग कशी झाकू? आज सहा-आठ आठवडे थांबायचं, की घाट उतरताना हाड पूर्ण मोडून घेऊन पुढे कित्येक महिने घरी बसायचं, हे गणित तुम्हीच सोडवा." ते रागावून गेले आणि तीन दिवसांनी एमआरआयचा रिपोर्ट घेऊन परत आले. भेग होती. स्पर्धा हुकली. आता ते आठवड्यातून चारच दिवस धावतात आणि त्यांच्या सौभाग्यवतींच्या सांगण्यानुसार घरात पूर्वीपेक्षा बरे वागतात.

चार दिवस हा नोकरी-धंदा सांभाळणाऱ्याला योग्य आकडा आहे, असे माझे मत आहे. त्यातला एक दिवस लांब पल्ल्याचा, एक चढाचा, उरलेले दोन अगदी सावकाश. सावकाश म्हणजे किती? शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. (मी स्वतः चौपन्नाव्या वर्षी इतका सावकाश धावतो, की सायकलवरचे दूधवाले मामा हाक मारून पुढे जातात. मला त्याचे काही वाटत नाही.) दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी करावे. एकाच रविवारी एकदम मोठी मजल मारण्याचा मोह टाळावा. आणि आठवड्यातून एकदा तरी मनगटावरचे घड्याळ घरी ठेवून धावावे; प्रत्येक किलोमीटरला मनगटाकडे पाहणाऱ्याला कडेचा गुलमोहर दिसत नाही.

रात्री दहाला दुकान बंद करून बाराला झोपणाऱ्याने साडेचारचा गजर लावू नये. त्या दिवशी धावण्यापेक्षा झोपेचाच फायदा जास्त. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी एक मिनिट नाडी मोजण्याची सवय लावावी. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असे दोन-तीन दिवस आढळले, तर विश्रांती घ्यावी किंवा अंगात कणकण आहे का ते पाहावे.

तापात धावणे हा शूरपणा नव्हे. विषाणूचा ताप असताना श्रम केले तर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि ती जिवावर बेतू शकते. ताप पूर्ण गेल्यावरही आधी काही दिवस चालावे. स्पर्धेच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेण्याची प्रथा तर मला अजिबात पसंत नाही. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. चाळिशी उलटलेल्यांनी, त्यातही मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल त्यांनी, सरावाला लागण्यापूर्वी तपासून घ्यावे. चढावर छातीत दडपण येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

भगिनींसाठी एक वेगळी सूचना. धावणे वाढवले आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर "बरे झाले, कटकट गेली" असे समजू नये. श्रमाच्या मानाने पोटात अन्न कमी जात असल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडे ठिसूळ होतात. शिवाय अर्ध्या वाटेत दम तुटत असेल तर दोष पायांचा नसून रक्तातल्या लोहाचा असण्याचा संभव पुष्कळ. हिमोग्लोबिनची तपासणी तालुक्याच्या कोणत्याही लॅबमध्ये होते. ती आधी करून घ्यावी, घाटाचा विचार नंतर.