ॲम्प्लिफायरची रिकामी सॉकेट झाकून ठेवा

घरच्या ॲम्प्लिफायरच्या पाठीमागची बरीच सॉकेट रिकामीच असतात. पावसाळ्याची दमट हवा, धूळ आणि जवळच्या गोठ्यातला अमोनिया यांनी त्यांतले तांबे-पितळ हळूहळू खराब होते. पुढे कधी वायर जोडली की आवाज खरखरतो, नाहीतर एक बाजू बंदच. मग मशीन बिघडले समजून विनाकारण खर्च होतो.

उपाय सोपा आहे. प्लग काढून सॉकेट कोरड्या ब्रशने झाडावीत व प्लास्टिकची टोपणे बसवावीत. रबरी नकोत, रबरातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. शॉर्टिंगची टोपणे फक्त इनपुटला चालतात. आउटपुटला चुकूनही लावू नयेत, मशीन जळण्याचा धोका असतो. आणि खताची पोती त्या खोलीत ठेवू नका. खत ओल धरते.