एव्हरेट कम्युनिटी कॉलेज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वॉशिंग्टन राज्याचे एक सार्वजनिक, मुख्यतः द्विवर्षीय शिक्षणक्रम चालविणारे महाविद्यालय. स्थापना १९४१. सिॲटलच्या उत्तरेस सु. ४५ किमी.वर, प्यूजेट साउंड या सागरी फाट्याच्या काठी वसलेल्या एव्हरेट (लोकसंख्या १,१०,६२९ – २०२०) या शहरात ते आहे. शहराच्या दक्षिणेस पेन फील्ड विमानतळाला लागून बोइंग कंपनीचा विमानजुळणीचा कारखाना आहे. हा कारखाना व त्याच्याभोवती वाढलेले सुट्या भागांचे लहानमोठे उद्योग यांना लागणारे कुशल मनुष्यबळ घडविण्यात या महाविद्यालयाचा मोठा वाटा आहे. एखाद्या प्रदेशातील प्रमुख उद्योग आणि तेथील लोकशिक्षण यांचे नाते कसे जुळते व त्यात कोणते धोके संभवतात, हे या संस्थेच्या वाटचालीवरून स्पष्ट होते.

कम्युनिटी कॉलेजची संकल्पना : १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ‘ज्युनिअर कॉलेज’ निघाले. विद्यापीठीय शिक्षणाची पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याला घराजवळ पुरी करता यावीत, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. १९४४ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य मिळू लागले. पुढे अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये अशा महाविद्यालयांचा विस्तार करण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ झाली. खुला प्रवेश, तुलनेने कमी शुल्क आणि स्थानिक गरजांनुसार आखलेले शिक्षणक्रम ही या संस्थांची वैशिष्ट्ये होत. एकाच छत्राखाली विद्यापीठात जाऊ इच्छिणारा तरुण, नवे कौशल्य शिकणारा मध्यमवयीन कामगार आणि इंग्रजी शिकणारा स्थलांतरित असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी तेथे आढळतात.

इतिहास : एव्हरेट हे मुळात लाकूड व कागद यांच्या गिरण्यांचे शहर. १९४१ मध्ये एका जुन्या शाळेच्या इमारतीत ‘एव्हरेट ज्युनिअर कॉलेज’ या नावाने महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. १९५८ मध्ये ते सध्याच्या आवारात आले. १९६७ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कम्युनिटी कॉलेजविषयक कायदा करून अशी महाविद्यालये स्थानिक शालेय प्रशासनाच्या कक्षेतून काढली व त्यांची स्वतंत्र राज्यव्यापी व्यवस्था उभारली. त्याच वर्षी संस्थेला सध्याचे नाव मिळाले. फेब्रुवारी १९८७ मध्ये लागलेल्या आगीत महाविद्यालयाचे ग्रंथालय भस्मसात झाले व एका अग्निशामक जवानाचा मृत्यू झाला.

विमान उद्योगाशी संबंध : १९६६ मध्ये बोइंग कंपनीने ७४७ या प्रचंड प्रवासी विमानाच्या निर्मितीसाठी पेन फील्डजवळची जागा निवडली. तेथे उभारलेली इमारत घनफळाच्या दृष्टीने (सु. १.३३ कोटी घ.मी.) जगातील सर्वांत मोठी समजली जाते. पहिले ७४७ विमान ३० सप्टेंबर १९६८ रोजी कारखान्याबाहेर आले व ९ फेब्रुवारी १९६९ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. पुढे ७६७, ७७७ व ७८७ ही विमानेही येथे तयार झाली. कारखान्यातील कामाचे स्वरूप मात्र बदलत गेले. ७४७ ची बांधणी प्रामुख्याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची होती. त्यासाठी अचूक भोके पाडणे व रिव्हेट ठोकणे हे कसब निर्णायक होते. ७८७ च्या रचनेत वजनाच्या सु. निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे. कार्बन तंतूंचे रेझीनयुक्त थर स्वच्छ कक्षात ठरावीक दिशांनी रचणे, ते निर्वात पिशवीत बंद करून उष्णता व दाब यांखाली पक्के करणे आणि आतील दोष श्राव्यातीत तरंगांनी शोधणे, ही नवी कौशल्ये आवश्यक झाली. हातोडी व छिद्रकयंत्र यांवर हात बसलेल्या कारागिरालाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

शिक्षणक्रम : या गरजेतून महाविद्यालयाने २०१४ मध्ये प्रगत निर्मितितंत्राचे प्रशिक्षण केंद्र उघडले. अचूक यंत्रण, वितळजोडकाम व धातूजोडणी, संमिश्र पदार्थ, यंत्र-इलेक्ट्रॉनिकी इ. विषय तेथे शिकविले जातात. या शाखा शेजारीशेजारी ठेवल्यामुळे एका शाखेत आखलेली वस्तू दुसरीत घडविता येते आणि विद्यार्थ्यांना कारखान्यातील परस्परावलंबी कामाची कल्पना येते. काही महिन्यांच्या प्रमाणपत्रापासून दोन वर्षांच्या सहयोगी पदवीपर्यंत अनेक टप्पे आहेत. एक टप्पा पुरा करून नोकरी धरावी व सवडीने पुढचा गाठावा, अशी ही सोय आहे. ज्यांना अभियांत्रिकीची पदवी हवी असेल त्यांच्यासाठी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाची एव्हरेट शाखा जवळच असून तिची इमारत २०१७ मध्ये उघडण्यात आली.

पेन फील्ड येथे महाविद्यालयाची विमान-देखभाल शाळा आहे. केंद्रीय विमानवाहतूक प्रशासनाच्या नियमांनुसार विमानाचा सांगाडा व एंजिन या दोन्ही शाखांच्या अर्हतेसाठी पूर्वी किमान १,९०० तासांचे शिक्षण सक्तीचे होते. २०२२ मध्ये तासांची अट काढून ठरावीक क्षमता अंगी आल्या की नाही यावर भर देण्यात आला. लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक अशा तिन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना मिळतो. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. कारखान्यात विमान जुळविणारा कामगार कंपनीला मिळालेल्या उत्पादन-मान्यतेखाली काम करतो, त्यामुळे त्याला वैयक्तिक परवाना लागत नाही. देखभाल करणारा तंत्रज्ञ मात्र स्वतःच्या सहीने विमान उड्डाणयोग्य ठरवितो. म्हणून त्याचा परवाना ही त्याची स्वतःची मालमत्ता असते, ती घेऊन तो देशात कोठेही जाऊ शकतो. जुळणी कामगाराचे कौशल्य मात्र पुष्कळदा एकाच मालकाच्या पद्धतींशी बांधलेले राहते.

मंदी व पुनःशिक्षण : हा भेद मंदीच्या काळात तीव्रतेने जाणवतो. १९६७ मध्ये सिॲटल परिसरात कंपनीचे सु. एक लक्ष कामगार होते. १९७१ च्या एप्रिलमध्ये ही संख्या ३९ हजारांच्या खाली आली. विमान उद्योगात मागणीचे चढउतार मोठे असतात आणि त्यांची झळ प्रथम कामगाराला लागते. १९९३ मध्ये वॉशिंग्टन राज्याने बेकार झालेल्यांच्या पुनःशिक्षणासाठी कायदा करून कम्युनिटी कॉलेजांना त्यासाठी निधी उपलब्ध करून दिला. त्यानंतरही धक्के चालूच राहिले. ७८७ ची जुळणी २०२१ मध्ये पूर्णतः साउथ कॅरोलायना राज्यात गेली, अखेरचे ७४७ विमान जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या हवाली झाले आणि २०२४ मध्ये यंत्रकामगारांचा ५३ दिवसांचा संप झाला.

प्रशिक्षणाचा प्रश्न केवळ रोजगाराचा नाही, हे ५ जानेवारी २०२४ च्या अपघाताने दिसून आले. त्या दिवशी अलास्का एअरलाइन्सच्या एका ७३७ विमानाचे दार-झाकण उड्डाणात निखळून पडले. ते पक्के धरून ठेवणारे चार बोल्ट बसविलेलेच नव्हते. कंपनीने कामगारांना पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन व देखरेख पुरविली नाही, असा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२५ मध्ये काढला.

मूल्यमापन : उद्योगाच्या मागणीनुसार शिक्षण आखल्यास नोकरी लवकर मिळते. परंतु ते फारच संकुचित झाले, तर मागणी ओसरताच विद्यार्थी निराधार होतो. गणित, आरेखनवाचन, मापन, पदार्थविज्ञान व लेखन यांचा भक्कम पाया मिळालेला कारागीर दुसऱ्या उद्योगात तुलनेने सहज सामावतो. म्हणूनच व्यवसायशिक्षणाला सामान्य शिक्षणाची जोड देणे हे कम्युनिटी कॉलेजचे खरे सामर्थ्य होय. भारतात हे कार्य प्रामुख्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्था व १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील योजना करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३–१४ पासून कम्युनिटी कॉलेजांची योजनाही हाती घेतली. नासिकजवळील ओझरसारख्या, १९६४ पासून विमाननिर्मितीवर वाढलेल्या केंद्रांच्या दृष्टीने एव्हरेटचा अनुभव विचारार्ह आहे.