सिकलसेल : मस्कत ते नागपूर

आपल्या मंडळात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, नंदुरबार या बाजूंनी आलेली घरे थोडी का होईना, आहेतच. त्यातल्या काही घरांत एक गोष्ट बोलली जात नाही. मुलाचे हातपाय दुखले की ‘वाढीचं दुखणं’ म्हणायचे, डोळे पिवळसर दिसले की ‘कावीळ येऊन गेली’ म्हणायचे. रक्ताचा रिपोर्ट कपाटातल्या फाइलमध्ये राहतो आणि सोयरीक ठरताना तर तो बाहेर निघतच नाही. आज त्या रिपोर्टाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले, कारण ज्या देशात आपण राहतो त्याला हा आजार चांगलाच ओळखीचा आहे.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक प्रकार, ‘एस’, प्राणवायू कमी पडला की एकमेकांना चिकटतो. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि लवकर फुटते. आईवडिलांपैकी एकाकडूनच ‘एस’ आला तर मूल वाहक, म्हणजे रिपोर्टात ‘एएस’. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक.

भारतात हा ‘एस’ प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आढळल्याची नोंद आहे. पुढे विदर्भात आणि सातपुड्यात तो मोठ्या प्रमाणात सापडला. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागात या आजारावर अनेक वर्षे काम केले; 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ओमानमध्ये 1995 साली पाच वर्षांखालील सहा हजारांहून अधिक मुलांचे रक्त तपासले गेले. सुमारे 6 टक्के मुले सिकलसेलची वाहक निघाली आणि सुमारे 2 टक्के थॅलसेमियाची. (जी-सिक्स-पीडीची कमतरता तर दर चार मुलग्यांत एकाला होती. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पुढची गोष्ट मला फार मजेची वाटते. ‘एस’च्या जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा पाहून तो मुळात कुठला ते सांगता येते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओमानी रुग्णांच्या खुणा पाहिल्या, तर निम्म्याहून थोड्या अधिक पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन घराण्याच्या, सुमारे एकपंचमांश बांटू घराण्याच्या, आणि साधारण एकचतुर्थांश ‘अरब-भारतीय’ घराण्याच्या निघाल्या. झांझिबारपर्यंत पसरलेल्या या राज्याचा समुद्रावरचा इतिहास असा रक्तात उतरला आहे. आणि ते अरब-भारतीय घराणे म्हणजे आपल्या विदर्भात सापडते तेच!

या घराण्याची एक खूण रिपोर्टात दिसते, ती म्हणजे ‘एफ’. हे पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन. जन्मानंतर ते कमी होत जाते आणि मोठ्या माणसात जेमतेम एखादा टक्का उरते. अरब-भारतीय घराण्याच्या रुग्णांत मात्र ते पुष्कळदा 15-20 टक्के किंवा त्याहूनही जास्त राहते. ‘एफ’मुळे ‘एस’ची चिकटण्याची क्रिया मंदावते. म्हणून बरीच वर्षे असे मानले गेले की भारतीय सिकलसेल सौम्य असतो, काळजीचे कारण नाही.

नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी हा समज टिकू दिला नाही. त्यांच्याकडच्या मुलांत ‘एफ’ चांगले होते, तरीही वेदनेचे झटके, वारंवार रक्त चढवणे, इस्पितळात भरती हे सगळे होतेच. त्यांनी 60 मुलांवर एक चाचणी केली. काहींना हायड्रॉक्सियुरिया हे औषध दररोज, वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम, असे कमी प्रमाणात दिले. बाकीच्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले. औषध घेणाऱ्यांचे ‘एफ’ आणखी वाढले आणि झटके खूप कमी झाले. तेव्हा 20 टक्के ‘एफ’ पाहून कोणी ‘मग तुमचं साधंच आहे’ म्हणाले तर तिथेच थांबू नये. मूल किती वेळा दुखण्याने रडले, किती वेळा भरती झाले, हेही डॉक्टरांना सांगावे.

शस्त्रक्रियेचा प्रसंग तर हमखास येतो. पेशी सतत फुटत असल्याने पित्ताशयात खडे होतात, तेही तरुण वयात. भूल, थंडगार ऑपरेशन थिएटर, उपाशीपोटी शरीरात कमी झालेले पाणी, यातले काहीही पेशी वाकवायला पुरते. 1995 साली अमेरिकेत 604 शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला. एका गटात भरपूर रक्त देऊन ‘एस’ 30 टक्क्यांखाली आणला, दुसऱ्यात फक्त हिमोग्लोबिन 10 पर्यंत नेले. गंभीर त्रास दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. रक्त चढवण्यामुळे होणारा त्रास मात्र पहिल्या गटात दुप्पट. मग रक्त द्यायचेच कशाला, असा प्रश्न आलाच. त्याचे उत्तर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, प्रामुख्याने ब्रिटनमधल्या चाचणीने दिले: रक्त न दिलेल्या 33 जणांपैकी 13 जणांना त्रास झाला, दिलेल्या 34 पैकी 5 जणांना. चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. म्हणजे किती रक्त द्यायचे हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना आजार माहीत असला तरच ना? रिपोर्ट कपाटात असेल तर ते सारे अंदाजानेच.

तो रिपोर्ट कोणता, हेही पाहा. गावाकडच्या शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती ‘एस’ आहे एवढेच सांगते, वाहक की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. त्यात ‘ए’, ‘एस’, ‘एफ’, ‘ए-टू’ यांचे टक्के वेगवेगळे छापलेले असतात. तान्ह्या बाळाचे ‘एफ’ मुळातच जास्त असते, तेव्हा त्यावरून अंदाज बांधू नये. वर्षादीड वर्षाने पुन्हा पाहावे. आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर दात्याचे ‘ए’ मिसळून आकडे फसवतात, म्हणून तपासणी रक्त देण्याआधी करून घ्यावी, नाहीतर तीन महिने थांबावे.