पाण्याचे गुणधर्म आणि माणची जमीन

पाणी उताराकडे धावते, ही गोष्ट लहान मुलासही ठाऊक असते. परंतु जमिनीच्या पोटातील पाणी वरच्या दिशेनेही चढते, याकडे पुष्कळ शेतकरीबंधूंचे लक्ष जात नाही. वास्तविक माण तालुक्यातील शाळू पोटातल्या ज्या ओलीवर पोसतो, ती धरून ठेवणारा व मुळांपर्यंत पोहोचविणारा गुण हाच होय. आणि पाटाच्या पाण्याखाली ज्या जमिनी बिघडल्या, त्याही बहुतांशी याच गुणामुळे. सबब त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

दिव्यातील तेल वातीवाटे ज्योतीपर्यंत चढते. धोतराचा सोगा पाण्यात पडला तर ओल वीतभर वर येते. पाण्याच्या कणांस परस्परांची ओढ असते, तशीच मातीच्या कणांचीही असते. मातीतील बारीक पोकळ्या केसासारख्या नळ्यांचे काम करतात व पाणी त्यांतून वर ओढले जाते. यास केशाकर्षण म्हणतात. पोकळी जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. म्हणून भरड मुरमात ओल फार चढत नाही व टिकतही नाही. काळ्या चिकण जमिनीत ती सावकाश, परंतु पुष्कळ उंच येते.

आता आपल्या पावसाचा हिशेब पाहू. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. माणात तो २० इंचांच्या आसपास, व कित्येक वर्षी त्याहूनही पुष्कळ कमी. तथापि एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे १ लाख लिटरहून थोडे अधिक पाणी पडते. ज्वारीस एक किलो सुका माल तयार करण्यास सुमारे ३०० लिटर पाणी मुळावाटे ओढून पानावाटे सोडावे लागते. दाणा व कडबा मिळून एकरी १००० किलो माल धरला, तर पिकाच्या अंगी लागणारे पाणी ३ लाख लिटर, म्हणजे अवघा ३ इंच पाऊस होय!

पीक इतके पाणी उडविते तरी कशाकरिता, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. पाण्यात क्षार विरघळतात, म्हणून जमिनीतील अन्न पाण्याबरोबरच मुळांत शिरते व पानांपर्यंत जाते. दुसरे असे की, पाण्याची वाफ होण्यास फार उष्णता लागते. बर्फाइतके गार पाणी उकळीस आणण्यास जितकी लागते, तिच्या पाचपटींहूनही अधिक. ती उष्णता पानातून घेतली जाते व पान थंड राहते. पाझरणारा माठ ज्या कारणाने गार राहतो, त्याच कारणाने भर उन्हात शाळूचे पान करपत नाही.

मग उरलेला पाऊस जातो कोठे? काही ओढ्यास वाहून जातो. त्यास ताली व बांध हा उपाय आपल्या वाडवडिलांपासून चालत आला आहे. पुष्कळसा मात्र उन्हावाऱ्याने उडून जातो. वरची माती घट्ट बसली की बारीक नळ्या थेट पृष्ठभागापर्यंत पोहोचतात; भेगा पडल्या की खालची ओलही उघडी पडते. कोळपणीने या नळ्या तुटतात, भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचे पांघरूण पडते. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जाणते शेतकरी म्हणतात त्याचे मर्म हे आहे. आणेवारीच्या कामानिमित्त आम्ही बांधास बांध लागून असलेली शेते पाहिली आहेत. माती एक, पाऊस एक. परंतु वेळेवर कोळपलेल्या रानात कणसे भरलेली, तर शेजारी नुसती वैरण. सोलापूर येथे १९३३ साली सुरू झालेल्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनातही ओल राखण्याच्या या मशागतीस मोठे स्थान मिळाले.

आता दुसरी बाजू. उरमोडीचे पाणी तालुक्याच्या काही भागात आले आहे, आणि जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी आंधळीच्या तलावाकडे आणले आहे. ज्या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या छावण्या व टँकर पाहिले, त्यास हा मोठाच आनंद होय. परंतु पाणी क्षार घेऊन येते आणि उडून जाताना ते मागे ठेवते. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार धरला, तर एकरी एक इंच पाण्याबरोबर ५० किलोंहून अधिक क्षार जमिनीत येतो. निचरा असेल तर तो खाली धुऊन जातो. निचरा नसेल व पाणी अतोनात दिले, तर भूजल वर येते; मग केशाकर्षणाने खालचेही क्षार पृष्ठभागी चढतात आणि जमीन खारवट, पुढे चोपण होते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झाले. पुढे पंचवीस वर्षांतच, १९१० साली, पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरॉल्ड मॅन व तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. कृष्णाकाठी वाळवे, मिरज व शिरोळ या भागांत उसाच्या अतिपाण्याने चोपण झालेली राने आजही दृष्टीस पडतात.

म्हणून आमचे सांगणे असे. वापसा पाहूनच पाणी द्यावे. पाळी आली म्हणून देऊ नये. शक्य तेथे ठिबक वापरावे. काळ्या सखल रानात आधी चर काढावे, मग पाट न्यावा. ओढे बुजवून वहिवाटीस घेऊ नयेत. विहिरीतील पाण्याची खोली पावसाळ्यापूर्वी व नंतर दोरी सोडून मोजावी आणि वहीत टिपून ठेवावी. ती जमिनीपासून पाच-सहा फुटांच्या आत येऊ लागली, तर धोका जवळ आला असे समजावे.

दुष्काळाने गेलेले पीक पुढल्या पावसात परत येते. चोपण झालेली जमीन पूर्ववत होण्यास मात्र कित्येक वर्षे व मोठा खर्च लागतो. माणची जमीन आजवर पाण्यावाचून तळमळली. ती पाण्यानेच नासू न देणे आता आपल्या हाती आहे.