युद्धकाळातील स्वतःचे मत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या बी. बी. सी.वरून हिंदुस्थानासाठी जे कार्यक्रम ध्वनिक्षेपित होत, त्यांत मराठी वार्तापत्राचाही समावेश होता. वाचणारा आवाज मराठी असे. परंतु त्या वार्तापत्रांचा मूळ इंग्रजी मसुदा १९४२ पासून काही काळ एका इंग्रज लेखकाच्या हातचा असे. त्यांचे खरे नाव एरिक ब्लेअर. वाङ्मयाच्या जगात ते जॉर्ज ऑर्वेल या नावाने प्रसिद्ध आहेत. युद्ध चालू असताना माणसाला स्वतःचे असे मत कितपत राखता येते, या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्यास त्यांच्या या वर्षांइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

ऑर्वेल यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे झाला. वडील सरकारच्या अफूखात्यात नोकरीस होते. स्वतः ऑर्वेल यांनी ब्रह्मदेशात पाच वर्षे पोलीस अधिकारी म्हणून काम केले आणि साम्राज्यशाहीविषयी कायमचा तिटकारा घेऊन ते परतले. असा मनुष्य त्याच साम्राज्याच्या नभोवाणीवर नोकरी पत्करतो, ही विसंगती वाटेल. परंतु हिटलरचा विजय हा हिंदुस्थानासकट साऱ्या जगाला अधिक घातक ठरेल, अशी त्यांची खात्री होती. तिकडे बर्लिनहून सुभाषचंद्र बोस यांचा आवाज १९४२ च्या प्रारंभापासून हिंदी श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागला होता. त्याला उत्तर द्यावयाचे तर ते निदान सभ्यपणे द्यावे, या भूमिकेतून ऑर्वेल यांनी ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ पर्यंत हे काम केले. वेणू चितळे या मराठी विदुषी तेथे त्यांच्या सहकारी होत्या.

नभोवाणीवरील प्रत्येक मसुदा दोन चाळण्यांतून जाई. शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती त्यात नाही ना, हे एक पाहणे. आणि सरकारी धोरणाशी तो विसंगत नाही ना, हे दुसरे. ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी ‘ऑर्वेल’ याच नावाने बोलावे, अशी सूचना पुढे आली. तेव्हा त्यांनी वरिष्ठांना स्पष्ट कळविले की, हिंदुस्थानात आपल्या नावाला जी काही किंमत आहे ती साम्राज्यविरोधी पुस्तकांमुळे आहे, आणि त्यांतील काहींवर तेथे बंदी आहे. तेव्हा ते नाव वापरावयाचे असेल तर बोलण्याची वाजवी मोकळीकही हवी. हा मुद्दा सूक्ष्म, पण महत्त्वाचा आहे. लेखकाचे नाव वापरणे म्हणजे लोकांनी त्याच्यावर टाकलेला विश्वास वापरणे होय.

पुढे राजीनामा देताना त्यांनी सक्तीची तक्रार केली नाही. खाजगी व्यक्ती म्हणून जे बोललो नसतो, असे काही आपल्याला नभोवाणीवर बोलावे लागले नाही, असेच त्यांनी नमूद केले. नोकरी सोडण्याचे कारण निराळे होते : या श्रमातून काही निष्पन्न होत नाही, अशी त्यांची खात्री पटली होती. हिंदुस्थानात रेडिओसंच थोडे, आणि त्यांतूनही हे कार्यक्रम ऐकणारे फारच थोडे. शिवाय ऑगस्ट १९४२ मध्ये गांधी, नेहरू प्रभृती नेते तुरुंगात गेल्यावर, लंडनहून येणारा शब्द कितीही प्रामाणिक असला तरी श्रोता प्रथम तो कोणाच्या मुखातून येतो हे पाहणार, हे उघड होते. खरे बोलणे आणि खरे मानले जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा तेथे मिळतो.

डिसेंबर १९४३ पासून ऑर्वेल ‘ट्रिब्यून’ या समाजवादी साप्ताहिकात स्वतःच्या नावाने सदर लिहू लागले. सदराच्या नावाचा अर्थच ‘मला वाटेल तसे’ असा होता. त्यात राजकारणाच्या शेजारी स्वस्त दुकानातून आणलेल्या गुलाबाच्या रोपाची हकीगत येई. १९४४ मध्ये वॉर्सातील उठावाविषयी ब्रिटिश पत्रांनी रशियाची मर्जी सांभाळून जे लिहिले, त्यावर त्यांनी कडक टीका केली. त्यांची सर्वच मते आज पटतील असे नाही; जर्मन शहरांवरील बाँबवर्षावाला व्हेरा ब्रिटन यांनी घेतलेला आक्षेप त्यांनी खोडून काढला होता. परंतु मत कोणाचे आहे याविषयी वाचकाला संदेह राहत नसे.

लोकांच्या करमणुकीकडेही ते याच गंभीरपणे पाहत. मुलांची साप्ताहिके, चावट चित्रांची पोस्टकार्डे, गुन्हेगारी कादंबऱ्या यांवर त्यांनी १९४० ते १९४४ या काळात निबंध लिहिले. जुन्या कथांतील सभ्य चोर रॅफल्स काही मर्यादा पाळतो. जेम्स हॅडली चेस यांच्या १९३९ च्या कादंबरीत मात्र बळ हेच न्याय ठरते. जे लोक हुकूमशाहीशी लढत होते, तेच फावल्या वेळी बळाची पूजा आवडीने वाचत होते, याकडे ऑर्वेल यांनी लक्ष वेधले.

मग स्वतःच्या नावाने लिहिणारा पूर्ण स्वतंत्र असतो काय? ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही रशियन राजवटीवरील रूपककथा १९४४ मध्ये लिहून झाली, तेव्हा अनेक प्रकाशकांनी ती नाकारली. त्यांतील एकाने प्रसिद्धिखात्यातील अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन माघार घेतली. कायद्याने मात्र बंदी कोणीच घातली नव्हती. ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक निघाले. इंग्लंडातील मुस्कटदाबी बव्हंशी स्वेच्छेची असते, सरकारने हुकूम देण्यापूर्वीच संपादक व प्रकाशक गप्प बसतात, असे त्यांनी त्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत म्हटले होते. ती प्रस्तावनाही त्या वेळी छापली गेली नाही. ती वाचकांपुढे आली १९७२ मध्ये. ऑर्वेल यांच्या निधनाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती.